भरल्या गाडीचे गुण

५ ऑक्टोबर २०१७, मलकापूर

आजपासून पुन्हा नोकरी. एसटीतून निवृत्त होऊन चौदा महिने झाले. एवढ्या दिवसांत मी घरातल्या प्रत्येक भांड्याची जागा बदलून पाहिली आणि बायकोने, म्हणजे रुक्मिणीबाईने, ती प्रत्येक वेळी परत बदलली. आता तिचीही सुटका आणि माझीही.

काम नवीन आहे, म्हणून नीट लिहून ठेवतो. पुण्याच्या एका विमा कंपनीने ‘सुचाल’ नावाची उपकंपनी काढली आहे. ही सुचाल गाडीत साबणाच्या वडीएवढी एक डबी बसवते. गाडी किती वेगात गेली, ब्रेक किती जोरात मारला, वळण कसं घेतलं, हे सगळं ती डबी टिपते आणि पुण्याला कळवते. त्यावरून चालकाला शंभरपैकी गुण मिळतात. खेड्यांतून जिनिंगच्या गिरणीत कापूस आणणाऱ्या पिकअप गाड्यांचे अपघात आपल्याकडे फार, म्हणून पहिला प्रयोग मलकापुरात. चाळीस गाड्यांत डब्या बसल्या आहेत. दर रविवारी त्या चाळीस चालकांना शिकवायचं आणि गुण फळ्यावर लावायचे, ही माझी जबाबदारी.

या कामाला मलाच का निवडलं, तर बत्तीस वर्षांत माझ्या बसने कोणाला ओरखडा काढलेला नाही. एसटीचा विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे माझ्याकडे. अनुपमा मॅडम, म्हणजे सुचालच्या इकडच्या प्रमुख, वयाने माझ्या पोरीएवढ्या. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, “काका, मार्चच्या आत साहेबांना दाखवायचंय की या धंद्यात अर्थ आहे. अपघात कमी झाले तर आपण पाच जिल्ह्यांत जाऊ आणि तुम्ही तिथले मुख्य शिक्षक. नाही झाले तर कंपनी बंद.”

मुख्य शिक्षक, पाच जिल्हे. मी ते दोनदा म्हणून पाहिलं.

८ ऑक्टोबर

पहिला वर्ग. चाळीसपैकी अकरा जण आले. त्यातले चार चहा संपताच उठले.

“भाऊ, हंगाम सुरू हाय,” निजामभाई म्हणाला, “गाडी सोडून बसलो तं पोट कोन भरन?” निजामभाई हा पारपेठेतला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. स्वतःची गाडी स्वतः चालवतो. डबीला त्याने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं: चुगलखोर. आता सगळेच तिला चुगलखोर म्हणतात. त्याला अठ्ठावन्न गुण पडले होते. म्हणाला, “घरी नसीमा चुगल्या सांगतेच, आता गाडीतबी एक आली.”

मी त्यांना कचरूची गोष्ट सांगितली. कचरू माझा कंडक्टर, एकोणीस वर्षं. तो चालत्या गाडीत उभ्याने तिकीट फाडायचा, एक हात पंचवर, एक पैशाच्या थैलीवर, कुठे धरायचा म्हणून नाही. ब्रेक कचकन लागला की तो बायांच्या अंगावर जाणार आणि मग अख्ख्या गाडीसमोर माझा उद्धार करणार. त्याची भीती एवढी की माझा पाय आपोआप मऊ झाला. “प्रत्येकाने समजायचं, आपल्या मागे कचरू उभा आहे,” असं मी सांगितलं. शिकवण्याची हातोटी मला उपजतच असावी.

२२ ऑक्टोबर

दिवाळी संपली. सगळ्यांचे सरासरी गुण चोपन्न. तीन अपघात झाले. एक गाडी नांदुऱ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलला घासली, एक जिनिंगच्या फाटकाला आणि एक समोरच्या ट्रॅक्टरवर मागून चढली. माणसं वाचली हे नशीब. वर्गाला नऊ जण.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी विषय हवामानावर नेला. आज स्वतःची लाज वाटली, हे इथे लिहिलंच पाहिजे.

१२ नोव्हेंबर

सरासरी एकसष्ट! तीन आठवड्यांत सात गुण वर आणि एकही अपघात नाही. वर्गाला बावीस जण होते. कचरूची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी जरा रंगवून.

रुक्मिणीबाई शेतावरून गोणी घेऊन आली. आमचं तीन एकर मोताळ्याच्या बाजूला आहे, ते तीच पाहते. तिने गोणीतून मूठभर बोंडं काढून माझ्या वहीवरच फोडली. आत गुलाबी अळ्या.

“पाहा, दुसऱ्या वेच्याचा कापूस असा हाय. बियानंवाला तं म्हने, याले अळी लागतच नाई. बाहेरून बोंड चांगलं दिसते, अंदर काईच नाई.”

मी म्हणालो, वहीवर नको. शेती हा माझा विषय नाही. गुणांचा तक्ता पुन्हा स्वच्छ काढावा लागला.

३ डिसेंबर

हा दिवस विसरायचा नाही म्हणून सविस्तर लिहितो. आज वर्गाला अडतीस चालक! दहाला आले ते एकपर्यंत हलले नाहीत. कोणाला घाई नाही, कोणी घड्याळ पाहत नाही. ऑक्टोबरमध्ये हेच लोक चहा पिऊन पळत होते. शिकण्याची गोडी लागायला वेळ लागतो, पण एकदा लागली की माणूस बसतो. सरासरी त्र्याहत्तर.

निजामभाई तर शेवटपर्यंत बसला. मी विचारलं, “आज गाडी?”

“उभी हाय, भाऊ. कालबी उभीच होती.” असं म्हणून त्याने अजून एक चहा मागवला.

धंद्यापेक्षा वर्ग महत्त्वाचा वाटावा, असा शिक्षक किती जणांच्या वाट्याला येतो?

१७ डिसेंबर

अपघात शून्य. सरासरी चौऱ्याऐंशी. निजामभाई एक्याण्णव. बिल्ला घासून चकचकीत केला.

२४ डिसेंबर

अनुपमा मॅडम पुण्याहून आल्या. मी नवा शर्ट घातला होता. मुलगी हुशार आहे आणि शंकेखोरही. मी गुण दाखवले तसा त्यांचा पहिला प्रश्न, “काका, गाड्या कमी चालल्या म्हणून तर अपघात कमी नाहीत ना?”

मी तक्त्याची घडी घालू लागलो. पण त्यांनीच लॅपटॉपवर हिशोब करून दाखवला. गाड्या कमी चालल्या, हे खरं. तरी जेवढे किलोमीटर चालल्या, त्यात प्रत्येक किलोमीटरमागेही ब्रेक कमी, धक्के कमी, वळणं सावकाश. “म्हणजे चालवण्यातच फरक पडलाय,” मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या. मी म्हणालो, कचरूची कृपा.

जेवायला घरी आणलं. रुक्मिणीबाईने भरीत-भाकरी केली होती. वाढता वाढता तिने विचारलं, “पोरी, हे तुमची डबीची कंपनी कमावते कोनाकून?”

मॅडमनी समजावलं की मोठी विमा कंपनी दर डबीमागे सुचालला पैसे देते. अपघात कमी झाले की मोठ्या कंपनीची भरपाई वाचते. वाचलेलं डबीच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर धंद्यात अर्थ.

“म्हंजे डाव्या खिशातले उजव्या खिशात,” रुक्मिणीबाई म्हणाली. “मंग थे वाचले का नाई वाचले, हे कोन ठरवते?”

मॅडम भाकरी मोडता मोडता थांबल्या. “खरं सांगू काकू? हेच ठरवताना माझी झोप उडालीये. माझ्या हाताखाली सतरा जण आहेत. मार्चमध्ये आकडा नसला तर सगळे घरी.”

मी म्हणालो, आकड्याची काळजी नको. रुक्मिणीबाईने माझ्याकडे पाहिलं आणि मला न विचारता अजून एक भाकरी वाढली.

१४ जानेवारी २०१८

संक्रांत. तिळगुळाबरोबर पुण्याचं पत्र आलं. पंधरा फेब्रुवारीला मोठ्या साहेबांसमोर बैठक, तिथे माझा सत्कार होणार! शाल, श्रीफळ आणि दोन शब्द.

सोबत चाळीस संमतिपत्रं होती. पुढच्या ऑक्टोबरपासून विम्याचा हप्ता गुणांवर ठरणार. ऐंशीच्या वर गुण असले तर सवलत, साठच्या खाली गेले तर दीडपट. प्रत्येक चालकाची सही घ्यायची.

दीड तासात चाळीस सह्या झाल्या. साठच्या खाली जाणार कोण? आता सगळ्यात कमी गुण आहेत ते एकोणऐंशी. पहिली सही निजामभाईची.

“नसीमा म्हने, पहिले वाचून घ्या,” तो म्हणाला. “मी म्हटलं, मोतीरामभाऊनं वाचलं ना? मंग झालं.”

इतका विश्वास मला खात्यातही कोणी दाखवला नव्हता. घरी येताना पाय जमिनीवर नव्हते.

२ फेब्रुवारी

बैठकीत दाखवायला फोटो हवा, म्हणून आज निजामभाईच्या गाडीत बसून जिनिंगपर्यंत गेलो. गाडी सुरेख चालवतो. मी डावीकडे बसलो होतो. बाहेरच्या आरशात मागून येणारी बुलडाणा गाडी लांबून दिसली, अगदी पाटीसकट. मी सहज म्हणालो, “आरसा छान ठेवलाय.”

निजामभाई हसला. “आरसा थोच हाय, भाऊ. अवंदा झाकाले कापूस कुठी हाय? भरली गाडी असली का कापूस दोन्हीकून फूटभर बाहीर येते. आरशात पाहा तं कापूसच. मांगून कोन येऊन राह्यलं, ते अंदाजानं समजा लागते.”

“आणि ब्रेक?”

“भरली गाडी हळू दाबल्यानं थांबते का? कचकनच दाबा लागते, नाई तं समोरच्याच्या अंगावर. अवंदा काय, नऊ-दहा क्विंटल टाकून फिरून राह्यलो. येवढ्यात तं आमची मदिहाबी गाडी चालवन.” मदिहा म्हणजे त्याची धाकटी, आठवीत आहे.

फोटो काढले. चहा घेतला. घरी आलो. भूक नव्हती.

३ फेब्रुवारी

सकाळीच निजामभाईच्या घरी गेलो आणि मागच्या वर्षीच्या वजनकाट्याच्या पावत्या पाहायला मागितल्या. नसीमाभाभींनी पिशवीच आणून दिली. मागच्या हंगामात प्रत्येक खेप पंचवीस-सव्वीस क्विंटलची. या वर्षी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडाही तसाच भरलेला. नोव्हेंबरपासून पंधरा, मग बारा, मग नऊ.

तीन अपघात झाले ते तिन्ही ऑक्टोबरचे, तिन्ही गाड्या भरलेल्या. मोटारसायकलला घासली ती आरसा झाकला म्हणून. फाटकाला लागली ती कापूस बाहेर आला म्हणून. ट्रॅक्टरवर चढली ती थांबली नाही म्हणून.

डबी वेग मोजते, ब्रेक मोजते, किलोमीटर मोजते. वजन मोजत नाही. मॅडमनी किलोमीटरचा विचार केला, पण त्या पुण्याच्या. मी तर इथला. माझ्या वहीवर बायकोने अळ्या ठेवल्या होत्या आणि मी तक्ता खराब झाला म्हणून कुरकुरलो!

शिकण्याची गोडी, म्हणे. बिचाऱ्यांना भाडंच नव्हतं, म्हणून बसत होते चहा पीत.

५ फेब्रुवारी

दोन दिवस स्वतःशी भांडतो आहे. इथे खरं लिहिलं नाही तर कुठे लिहायचं?

न सांगितलं तर सुचाल वाचते. मॅडम वाचतात, त्यांचे सतरा जण वाचतात. मला शाल मिळते, पाच जिल्हे मिळतात. आणि पुढच्या ऑक्टोबरात पीक चांगलं आलं की निजामभाईची गाडी भरणार, गुण पन्नासवर येणार, आणि दीडपट हप्ता भरताना तो म्हणणार, मोतीरामभाऊने वाचलं होतं ना. चांगलं पीक आलं म्हणून दंड! असा कागद मी चाळीस जणांच्या हातात दिला आहे.

सांगितलं तर मी एक निवृत्त माणूस, परत भांड्यांच्या जागा बदलायला मोकळा.

जेवताना रुक्मिणीबाईला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं. मी शेवटी म्हणालो, “काही झालं तरी माझी बत्तीस वर्षं तर कोणी खोटी म्हणणार नाही.”

तिने भाजीची टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाली, “तुमी गाडी वाईट चालवत होते, असं मी म्हनत नाई. पन त्यातले एकोनीस वर्षं तुमी मुक्कामी गाडीच नेली ना? संध्याकाळी जायाचं, सकाळी याचं. त्या रस्त्यावर समोरून येत कोन होतं? चार बैलबंड्या अन् बकऱ्या.”

मी ताटावरून उठलो. बोलणं खरं होतं म्हणूनच उठलो. मुंबईच्या हायवेवर माझी ड्यूटी लागली तेव्हा मीच साहेबांना भेटून मुक्कामी मागून घेतली होती. रस्ता मोकळा, गर्दी कमी, कचरू सोबत. हायवेवर गेलेल्या एकालाही तो बिल्ला मिळाला नाही. मी त्यांना इतकी वर्षं कच्चे समजत आलो.

१४ फेब्रुवारी

पुण्याला निघालो. निश्चय काही झालेला नाही. भाषणाचे दोन कागद केले आहेत, आभाराचा डाव्या खिशात, खऱ्याचा उजव्या. रुक्मिणीबाई पाहत होती, तिने शिदोरी पिशवीत ठेवली.

१६ फेब्रुवारी, परतीच्या गाडीत

जसं झालं तसं लिहितो.

काचेची खोली, वीस-बावीस माणसं. भिंतीवर आलेख. चोपन्नपासून नव्वदपर्यंत चढत गेलेली रेघ, खाली मलकापूर. अनुपमा मॅडमनी छान मांडलं. मग एका बाईंनी माझी ओळख करून दिली. “बत्तीस वर्षांत एकही अपघात नाही,” असं म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या साहेबांनी स्वतः शाल घातली.

टाळ्या चालू असतानाच मला कळलं की आता कोणताच कागद काढता येणार नाही.

शुद्ध बोलायचं ठरवलं होतं. दोन वाक्यं निभावली, तिसऱ्याला वऱ्हाडी सुटली. “साहेब, मले माफ करा. हे रेघ खोटी नाई, पन तिचा अर्थ खोटा हाय. अवंदा आमच्याकडं बोंडअळीनं कापूस खाल्ला. गाड्या खाली होत्या. तुमची डबी वजन मोजत नाई. खाली गाडी कोनालेबी चांगली चालवता येते.” मागे दोघे जण हसले, ते माझ्या भाषेला असावेत. मी थांबलो नाही. “माह्यंच पाहा ना. माह्या बत्तीस वर्षांतले एकोनीस मोकळ्या रस्त्यावर गेले. मी चांगला ड्रायव्हर होतो का रस्ता चांगला होता, हे मलेबी आज सांगता येत नाई.”

माणसाजवळ एकच गोष्ट असते आणि तीही आपल्याच हाताने फळ्यावरून पुसायची. पण पुसली.

साहेब म्हणाले, “म्हणजे धंद्यात अर्थ नाही, असं तुमचं म्हणणं?”

“अर्थ आहे का नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही, साहेब,” मी म्हणालो. आता शुद्ध येत होतं. “माझ्या शिकवण्याने थोडा फरक पडला असेल, अगदीच नसेल असं नाही. किती, ते भरल्या गाडीचा एक हंगाम मोजल्याशिवाय कळणार नाही. वजन लिहा. आरशात रस्ता दिसतो का, ते लिहा. आणि तोवर त्या चाळीस सह्या परत द्या. त्या लोकांनी कागद वाचलेला नाही, माझं तोंड वाचलंय.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाणी प्यायलो आणि खाली बसलो.

बाहेर मॅडमनी गाठलं. डोळे लाल होते. “काका, हे मला आधी फोनवर का नाही सांगितलंत? मी सगळ्यांसमोर उघडी पडले.”

“कारण कालपर्यंत मी न सांगण्याचाच विचार करत होतो,” मी म्हणालो.

त्या जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या. मग म्हणाल्या, “वजन मलाच सुचायला हवं होतं.” शाल त्यांनीच घडी करून माझ्या पिशवीत ठेवली. ती परत द्यावी का, असं विचारणार होतो, पण राहून गेलं.

२१ मार्च

निकाल लागला. पाच जिल्हे रद्द. पुण्यातले सतरापैकी सहा जण कमी झाले, हे ऐकून वाईट वाटलं. त्यांचा काहीच दोष नव्हता. अनुपमा मॅडम राहिल्या. साहेब त्यांना म्हणाले म्हणे, की चुकीच्या आकड्यावर पाच जिल्ह्यांत गेलो असतो तर दोन वर्षांत मोठी कंपनीही पस्तावली असती. मलकापूरचा प्रयोग अजून एक हंगाम चालणार. माझं मानधन निम्मं. हप्त्याला हात लावायचा नाही.

नवा फॉर्म आला आहे. त्यात दोन रकाने वाढले: ‘खेपेचे वजन’ आणि ‘डाव्या आरशात रस्ता दिसतो का? होय/नाही’. हा दुसरा रकाना माझा. मी तो रुक्मिणीबाईला तीनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, “समजलं, समजलं, आता भाकर खा.”

लांब दांड्याचे आरसे लावून पाहावेत, असंही मी कळवलं होतं. दहा गाड्यांपुरतं मंजूर झालं. गाडीअड्ड्याजवळच्या अकरमच्या वेल्डिंगच्या दुकानात काम चालू आहे. तो म्हणतो, इतका लांब दांडा कशाला, मी म्हणतो, तू जोड.

चाळीस संमतिपत्रं टपालाने परत आली. मी घरोघर जाऊन ज्याची त्याला दिली आणि प्रत्येकाला सांगितलं की माझी चूक झाली होती. पाचसहा जण चिडले, सवलत गेली म्हणून. एकाने तर तोंडावर सांगितलं की मी सगळ्यांना शेंडी लावली. ऐकून घेतलं.

निजामभाईने कागद उलटसुलट केला आणि नसीमाभाभींच्या हातात दिला. भाभींनी तो शेवटपर्यंत वाचला. मग माझ्यासाठी खुर्ची बाहेर आणली.

११ नोव्हेंबर २०१८

आज वर्गाला सात जण. तेही उभ्या उभ्या! चहा अर्धा टाकून पळाले, बाहेर गाड्या भरून उभ्या होत्या. यंदा पावसाने ओढ दिली, पण पहिला वेचा साधला आणि अळी तेवढी नाही. आमच्या तीन एकरांतून रुक्मिणीबाईने चार दिवसांत दोनदा गाडी बोलावली.

सरासरी बावन्न. लांब आरसे लावलेल्या दहा गाड्यांना अपघात नाही, बाकीच्या तिसांत दोन किरकोळ. मॅडम म्हणाल्या, “काका, दहा गाड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हंगाम संपू द्या.” मी म्हणालो, हे तुम्हाला शिकवणारा मीच. दोघंही हसलो. धंद्यात अर्थ आहे की नाही, ते आम्हाला दोघांनाही अजून ठाऊक नाही, आणि आता ते बोलायची भीती वाटत नाही.

निजामभाई सगळ्यात शेवटी आला. गाडी इतकी फुगलेली की फाटकातून आत घेता येईना. अंगाला, डोक्याला कापूस चिकटलेला. फळ्यासमोर उभा राहून स्वतःचं नाव शोधत होता.

“शेचाळीस!” तो ओरडला. “भाऊ, एक्याण्णववरून शेचाळीस? अन् तुमी हे येवढ्या मोठ्या अक्षरात लिवलं काऊन? लोक हासतीन ना मले.”

“किती क्विंटल आहे?” मी विचारलं.

“सत्तावीस,” तो म्हणाला, आणि हसू काही त्याला आवरेना.

दोन क्विंटल कमी भर, असं मी त्याला दटावून सांगितलं. बत्तीस वर्षांत मिळालं नाही एवढं समाधान मला त्या शेचाळीस गुणांनी दिलं, हे मात्र त्याला सांगितलं नाही. तो गाडीकडे धावला. मी खडू घेतला आणि त्याच्या नावापुढे वजनही लिहिलं.